कॉफीगृहे, व्हिएन्नातील
कॉफीगृहे, व्हिएन्नातील : ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील कॉफीपानाची सार्वजनिक स्थाने व त्यांच्याभोवती वाढलेली नागरी संस्था. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही संस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्णत्वास पोहोचली आणि १९३८ साली नाझी राजवटीने तिच्यावर मोठा आघात केला. यूरोपातील इतर शहरांतही कॉफीगृहे होती. परंतु एका पेल्याच्या मोबदल्यात गिऱ्हाइकाला तासन्‌तास बसण्याची जागा, ऊब, वृत्तपत्रे व सोबत पुरविण्याची रीत व्हिएन्नात जितकी रुजली, तितकी क्वचितच अन्यत्र रुजली असेल. यांतील अनेक जुनी दालने आजही जवळजवळ मूळ स्वरूपात पाहावयास मिळतात. मात्र ज्या समाजामुळे ती प्रसिद्धीस आली, त्या समाजाचा मोठा भाग आता तेथे नाही. या कॉफीगृहांचा इतिहास म्हणूनच दुहेरी आहे : एक टिकून राहिलेल्या वास्तूंचा, दुसरा नाहीशा झालेल्या माणसांचा.

उगम व आख्यायिका : व्हिएन्नातील कॉफीचा आरंभ १६८३ च्या तुर्की वेढ्याशी जोडला जातो. प्रचलित कथेनुसार, गेओर्ग फ्रांट्स कोलशित्स्की या दुभाष्याने तुर्की वेषात शत्रूच्या छावणीतून जाऊन लोरेनच्या ड्यूकशी संधान बांधले. वेढा उठल्यावर तुर्कांनी मागे टाकलेल्या हिरव्या दाण्यांच्या गोण्या इतरांना उंटांचा खुराक वाटल्या. कोलशित्स्कीने मात्र त्या बक्षीस मागून घेतल्या व शहरातील पहिले कॉफीगृह उघडले. यांपैकी हेरगिरीचा भाग ऐतिहासिक आहे. कॉफीगृहाची कथा मात्र वेढ्याच्या शताब्दीच्या वेळी, म्हणजे १७८३ मध्ये, गोटफ्रीट ऊलिख याच्या ग्रंथातून रूढ झाली. कॉफीगृहांच्या मालकांनी कोलशित्स्कीला आपल्या व्यवसायाचा मूळपुरुष मानले आणि १८८५ मध्ये त्याच्या नावाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर हाती कॉफीपात्र घेतलेला त्याचा पुतळाही उभा राहिला.

कागदपत्रांचा पुरावा वेगळे सांगतो. व्हिएन्नात कॉफी विकण्याची पहिली ज्ञात बादशाही सनद १७ जानेवारी १६८५ रोजी योहानेस थेओडाट (डिओडाटो) या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाली. त्याचे दुकान आजच्या रोटेनटुर्म रस्त्यावर होते. पूर्वेकडील व्यापारात मुरलेल्या आर्मेनियनांना कॉफीचा दाणा, तो भाजण्याची रीत व तो आणण्याच्या वाटा आधीपासून ठाऊक होत्या. त्यासाठी युद्धातील लुटीची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल टेप्ली या इतिहासकाराने या पुराव्यांची छाननी केली. २००४ मध्ये शहरातील एका लहान उद्यानाला डिओडाटोचे नाव देण्यात आले. पेय परदेशी व विक्रेताही परका, ही वस्तुस्थिती बाजूस सारून युद्धवीराची कथा लोकांनी सुमारे दोन शतके जवळ केली. पुढील इतिहासाच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विकास : अठराव्या शतकात कॉफीगृहांची संख्या वाढली व तेथे बिलियर्ड, पत्ते आणि बुद्धिबळ यांची सोय झाली. वृत्तपत्रे महाग असल्याने ती सामाईकपणे वाचण्याचे ठिकाण म्हणूनही कॉफीगृहाचा उपयोग होऊ लागला. कॉफी तयार करणारे आणि मद्य गाळणारे यांच्यातील हक्कांचे तंटे दीर्घकाळ चालू होते. मारिया तेरेझाच्या कारकीर्दीत (१७४०–८०) या दोन व्यवसायांना एकत्र आणण्यात आले.

सध्याच्या फ्राउएनहूबर या कॉफीगृहाची वास्तू या कालखंडाची आठवण देते. ती हिमेलप्फोर्ट गल्लीत असून तेथे इग्नाट्स यान याचे भोजनगृह व सभागृह होते. मोट्सार्टने आपले अखेरचे सार्वजनिक पियानोवादन ४ मार्च १७९१ रोजी यानच्या सभागृहात केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो मरण पावला. १८२४ पासून येथे कॉफीगृह चालत आले आहे.

नेपोलियनने १८०६ मध्ये पुकारलेल्या खंडीय नाकेबंदीमुळे कॉफी व साखर दुर्मिळ आणि अतोनात महाग झाली. व्यवसाय बुडू नये म्हणून कॉफीगृहांना शिजविलेले अन्न व मद्य विकण्याची मुभा मिळाली आणि त्यातून ‘कॉफीगृह-भोजनालय’ हा मिश्र प्रकार जन्मास आला. नाकेबंदी संपली, तरी भोजन राहिले. यानंतरच्या कडक अभ्यवेक्षणाच्या काळात नॉइनरच्या ‘रुपेरी कॉफीगृहा’त नाटककार ग्रिलपार्त्सर (१७९१–१८७२) व कवी लेनाउ (१८०२–५०) यांची बैठक असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातील कॉफीगृहे ही बहुतांशी पुरुषांचीच जागा होती. तेथे दिसणारी स्त्री म्हणजे सामान्यतः गल्ल्यावर बसणारी. पुढे स्त्रियाही गिऱ्हाईक म्हणून येऊ लागल्या.

रचना व रिवाज : व्हिएन्नातील कॉफीगृहाचे परिचित रूप एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. उंच छत, रस्त्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या, भिंतीलगत गाद्या मढविलेली आसने, संगमरवरी पृष्ठभागाची लहान मेजे आणि वाफेवर वाकविलेल्या बीच लाकडाच्या खुर्च्या ही त्याची अंगे होत. या खुर्च्यांचे श्रेय मिखाएल टोनेट (१७९६–१८७१) या कारागिराकडे जाते. १८५९ मधील त्याची ‘क्रमांक १४’ ही खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची होती आणि सुट्या भागांच्या स्वरूपात एक घनमीटर पेटीत ३६ खुर्च्या मावत. त्यामुळे ती स्वस्तात जगभर गेली. मुंबईतील इराणी उपाहारगृहांमधील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच वंशातील होत.

वाढपी काळा कोट घालतो व त्याला ‘हेर ओबर’ असे आदराने संबोधतात. नुसती ‘कॉफी’ मागण्याची पद्धत नाही. प्रकार सांगावा लागतो. दूध न घातलेली ती ‘श्वार्त्सर’ किंवा ‘मोका’, थोडे दूध वा साय घातलेली ‘ब्राउनर’, जवळजवळ निम्मे फेसाळ दूध असलेली ‘मेलांज’, तर काचेच्या पेल्यात घोटलेल्या सायीचा जाड थर देऊन येणारी ती ‘आइनश्पेनर’. हे शेवटचे नाव एका घोड्याच्या गाडीवरून पडले. पेला चकचकीत तबकातून येतो व त्यासोबत पाण्याचा लहान प्याला असतो. १८७३ मध्ये डोंगरातील झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणण्यात आले. या पाण्याचा व्हिएन्नाकरांना अभिमान आहे. कॉफी संपल्यावरही वाढपी न मागता पाणी आणून देतो. ‘आपण उठण्याची कोणाला घाई नाही’, असा त्याचा अर्थ समजला जातो. वृत्तपत्रे वेताच्या किंवा लाकडाच्या चौकटीत अडकवून ठेवलेली असतात व त्यांच्या वाचनास वेळेची मर्यादा नसते.

सामाजिक पार्श्वभूमी : या रिवाजांमागे केवळ अभिरुची नव्हती. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्स योझेफ याने जुना तट पाडण्याची आज्ञा दिली व त्याच्या जागी रिंगस्ट्रासे हा भव्य वर्तुळमार्ग बांधण्यात आला. साम्राज्याच्या बोहीमिया, मोरेव्हिया, गॅलिशिया, हंगेरी इ. भागांतून लोकांचा ओघ राजधानीकडे लागला आणि १९१० पर्यंत तिची लोकसंख्या वीस लाखांवर गेली. घरे अपुरी पडली. असंख्य कुटुंबे एक-दोन खोल्यांत राहत आणि त्यांतही रात्रीपुरती खाट भाड्याने देत. तरुण लेखक, विद्यार्थी व कारकून यांच्या खोल्या अंधाऱ्या व थंड असत. अशांना कॉफीगृह म्हणजे दिवाणखाना, वाचनालय व कचेरी असे तिन्ही होते. तेथे पत्रे येत, निरोप ठेवले जात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकास उधारीही मिळे.

विद्यापीठे व व्यवसाय यांत नव्याने प्रवेश मिळालेल्या ज्यू मध्यमवर्गाला या जागेचे विशेष महत्त्व होते. उमरावांचे दिवाणखाने व कित्येक मंडळे त्यांना बंद असत. कॉफीगृहात जन्म वा धर्म न विचारता एका पेल्याच्या किमतीत प्रवेश मिळे. व्हिएन्नातील आधुनिक साहित्य, मनोविश्लेषण, संगीत व तत्त्वज्ञान यांच्या घडणीत या वर्गाचा वाटा फार मोठा होता आणि त्या घडणीचा बराच भाग कॉफीगृहांच्या मेजांभोवती घडला.

साहित्यिक व कलाविषयक केंद्रे : १८४७ मध्ये स्थापन झालेले ग्रीनश्टाइड्ल हे कॉफीगृह राजवाड्यासमोरील मिखाएलर चौकात होते. १८९० नंतर हेर्मान बार (१८६३–१९३४), आर्टूर श्निट्स्लर (१८६२–१९३१) आणि हूगो फोन होफमान्सथाल (१८७४–१९२९) हे ‘तरुण व्हिएन्ना’ या संप्रदायाचे लेखक येथे जमत. १८९७ मध्ये ही इमारत पाडण्यात आली. त्या निमित्ताने उपरोधकार कार्ल क्राउस (१८७४–१९३६) याने ‘पाडलेले साहित्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहून तेथील मंडळींची रेवडी उडविली.

बैठक मग जवळच्या हेरेन गल्लीतील सेंट्रल या कॉफीगृहात हलली. ते १८७६ मध्ये वास्तुशिल्पी फेर्स्टेल याने बँक व शेअरबाजार यांसाठी बांधलेल्या प्रासादतुल्य इमारतीत सुरू झाले होते. कमानी व खांब असलेले त्याचे दालन देवळाच्या सभामंडपासारखे भासते. पेटर आल्टेनबेर्ग (१८५९–१९१९) हा लघुगद्यकार येथेच दिवस काढी व आपला पत्ताही येथीलच देई. बुद्धिबळाच्या खेळामुळे या जागेला ‘बुद्धिबळाचे विद्यालय’ असे टोपणनाव पडले होते. १९०७ ते १९१४ या काळात व्हिएन्नात निर्वासित म्हणून राहिलेला लिऑन ट्रॉट्स्की (१८७९–१९४०) तेथील परिचित खेळाडू होता. रशियात क्रांती होईल, असे कोणी म्हणताच ‘ती करणार कोण, सेंट्रलमधील तो गृहस्थ?’ असे एका मुत्सद्द्याने विचारल्याची आख्यायिका आहे. आल्फ्रेट पोल्गार (१८७३–१९५५) याने या कॉफीगृहाच्या ‘सिद्धांता’वर १९२६ मध्ये एक मार्मिक निबंध लिहिला.

चित्रकार व वास्तुशिल्पी यांची ठिकाणे निराळी होती. गुम्पेनडोर्फ रस्त्यावरील श्पेर्ल (१८८०) येथे जमणाऱ्या तरुण कलावंतांपैकी काहींनी १८९७ च्या ‘सेसेशन’ या बंडखोर कलासंघटनेत प्रमुख भाग घेतला. लाकडी फरशी, बिलियर्डची मेजे व गर्द रंगाची आसने यांसह हे कॉफीगृह जुन्या रूपाची उत्तम साक्ष देते. आडोल्फ लोस (१८७०–१९३३) याने १८९९ मध्ये रचलेले म्यूझियम हे कॉफीगृह अलंकरणाला दिलेल्या फाट्यामुळे गाजले. तत्कालीन डौलदार सजावटीच्या तुलनेत ते इतके साधे होते, की टीकाकारांनी त्याला ‘शून्यवादाचे कॉफीगृह’ म्हटले. क्लिम्ट (१८६२–१९१८) व शीले (१८९०–१९१८) तेथे येत. रिंगस्ट्रासेवरील लांटमान (१८७३) हे बुर्गथिएटर या नाट्यगृहाच्या शेजारी असून सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) त्याच्या गिऱ्हाइकांपैकी होता.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस साम्राज्य कोसळले. १९१८ मध्येच उघडलेल्या हेरेनहोफ या कॉफीगृहाने सेंट्रलचे स्थान घेतले. रोबेर्ट मूझिल (१८८०–१९४२), हेर्मान ब्रोख (१८८६–१९५१), फ्रांट्स वेर्फेल (१८९०–१९४५) हे कादंबरीकार तेथे बसत. १९३० नंतरच्या मंदीत व हुकूमशाहीत काही कॉफीगृहांच्या तळघरांत छोटी राजकीय-उपरोधिक रंगमंदिरे चालू झाली. पन्नासांहून कमी प्रेक्षकांच्या जागेस नाट्यगृहाचा परवाना लागत नसे, म्हणून तेथे ४९ आसने ठेवीत. यूरा झोयफर (१९१२–३९) या तरुण नाटककाराची नाटके अशाच रंगमंचावर झाली.

१९३८ चा आघात : मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्या वेळी व्हिएन्नात सु. १,७०,००० ज्यूधर्मीय राहत होते. काही दिवसांतच कॉफीगृहांच्या दारांवर ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. ‘आर्यीकरण’ या गोंडस नावाखाली ज्यू मालकांची कॉफीगृहे हिरावून घेण्यात आली. हेरेनहोफ त्यांपैकी एक होते. काही ठिकाणी नवे मालक पूर्वीचे नोकर, शेजारी वा प्रतिस्पर्धी होते.

सेंट्रलच्या वर्तुळातील निबंधकार व संस्कृतीचा इतिहासकार एगोन फ्रीडेल (१८७८–१९३८) याने १६ मार्च रोजी नाझी दलाचे लोक घरी आलेले पाहून खिडकीतून उडी टाकून प्राण दिला. झोयफर स्विस सीमेवर पकडला गेला व पुढील वर्षी बूखेनव्हाल्टच्या छळछावणीत मरण पावला. हेरेनहोफच्या दालनांना परिचित असलेले विनोदी नट फ्रिट्स ग्र्यूनबाउम (१८८०–१९४१) डाखाउच्या छावणीत वारले. फ्रॉइड, मूझिल, ब्रोख, पोल्गार व एलियास कानेटी (१९०५–९४) यांना देश सोडावा लागला. ऑस्ट्रियातील पासष्ट हजारांहून अधिक ज्यू या संहारात बळी पडले. श्टेफान त्स्वाइख (१८८१–१९४२) याने ब्राझीलमध्ये पूर्ण केलेल्या आत्मवृत्तात व्हिएन्नाच्या कॉफीगृहाचे वर्णन सर्वांना खुला असलेला एक लोकशाही मेळावा अशा आशयाने केले आहे. ते पुस्तक छापून येण्यापूर्वीच त्याने आत्महत्या केली. या कॉफीगृहांची जी उत्कृष्ट वर्णने आज वाचली जातात, ती अशी बव्हंशी परदेशात, पुन्हा तेथे जाऊन बसण्याची आशा नसलेल्यांनी लिहिलेली आहेत.

युद्धोत्तर काळ : १९४५ नंतर कॉफीगृहे पुन्हा उघडली, परंतु जुने गिऱ्हाईक परतले नाही. १९५१ मध्ये परत आलेला फ्रीडरिख टोरबेर्ग (१९०८–७९) हा त्यातील अपवाद. त्याने १९७५ मधील आपल्या आख्यायिकासंग्रहात त्या लुप्त जगाचे किस्से नोंदविले. १९५० नंतर इटालियन पद्धतीची यंत्रे असलेली ‘एस्प्रेसो’ दुकाने, दूरचित्रवाणी व वाढती भाडी यांमुळे अनेक जुनी कॉफीगृहे बंद पडली व त्यांच्या जागी बँका आणि मोटारींची विक्रीकेंद्रे आली. या ऱ्हासास ‘कॉफीगृहांचा मृत्यू’ असेच नाव पडले. १९६० च्या सुमारास हेरेनहोफही इतिहासजमा झाले.

याच काळात काही नवी केंद्रे उदयास आली. लेओपोल्ट व योझेफीने हावेल्का या दांपत्याने १९३९ मध्ये घेतलेले व १९४५ मध्ये पुन्हा उघडलेले डोरोटेअर गल्लीतील हावेल्का हे अंधुक उजेडाचे कॉफीगृह लेखक व ‘अद्भुत वास्तववादी’ चित्रकारांचा अड्डा बनले. रात्री उशिरा मिळणारे मुरांब्याचे गरम पाव ही योझेफीनेची खासियत होती. तिचे २००५ मध्ये, तर लेओपोल्टचे २०११ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले. ब्रॉयनरहोफ येथे टोमास बेर्नहार्ट (१९३१–८९) हा लेखक परदेशी वृत्तपत्रे वाचत बसे. आपल्या देशाच्या विस्मरणशीलतेवर त्याने सातत्याने कोरडे ओढले. प्र्यूकेल या कॉफीगृहाचे दालन ओस्व्हाल्ट हेर्टल याने १९५० नंतरच्या दशकातील शैलीत रचलेले असून त्या काळाचा नमुना म्हणून ते पाहण्याजोगे आहे.

सद्यःस्थिती : १९७५ पासून जुन्याच्या पुनरुज्जीवनाची लाट आली. त्या वर्षी सेंट्रल पुन्हा सुरू झाले. दाराशी आल्टेनबेर्गची पुतळी बसविलेली आहे आणि आत शिरण्यासाठी प्रवाशांच्या रांगा लागतात. ग्रीनश्टाइड्ल मूळ ठिकाणच्या नव्या इमारतीत १९९० मध्ये पुन्हा उघडले, पण २०१७ मध्ये बंद झाले. म्यूझियमचे दालन २००३ मध्ये लोसच्या आराखड्याबरहुकूम सजविण्यात आले. परंतु गिऱ्हाइकांना त्याच्या कठीण साधेपणापेक्षा १९३० नंतरच्या मऊ आसनांची सवय अधिक प्रिय ठरली व २०१० मध्ये त्या धर्तीची मांडणी परत आली. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकन साखळी-दुकानांनी शहरात प्रवेश केला, तरी जुनी कॉफीगृहे त्यांच्यापुढे नाहीशी झाली नाहीत.

एकविसाव्या शतकातील नव्या कॉफीगृहांपैकी पुस्तकविक्री व कॉफी यांचा मेळ घालणारे फिल (२००४) आणि आजीआजोबांच्या वयाची माणसे केक भाजून वाढतात ते फोलपेन्सिओन ही दोन उल्लेखनीय आहेत. दुसऱ्यात निवृत्त व्यक्तींच्या तुटपुंज्या वेतनास हातभार लावणे आणि पिढ्यांना एका मेजावर आणणे, हा हेतू आहे. दाणा निवडून स्वतः भाजणारी लहान दुकानेही वाढली आहेत. कॉफीच्या दर्जाबाबत ती जुन्यांपेक्षा काटेकोर आहेत, परंतु त्यांत दीर्घकाळ बसण्याची सोय सहसा कमी असते. नोव्हेंबर २०१९ पासून उपाहारगृहांत धूम्रपानबंदी आली व कॉफीगृहांतील परंपरागत धूर ओसरला. २०२०–२१ मधील साथीच्या काळात त्यांना अनेक महिने दारे बंद ठेवावी लागली.

२०११ मध्ये ‘व्हिएन्नातील कॉफीगृह-संस्कृती’चा समावेश ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत करण्यात आला. यूनेस्कोच्या जागतिक सूचीशी तिची अनेकदा गल्लत केली जाते. वारसा म्हणून नोंदले गेले ते वेळ व जागा यांच्या उपभोगाची रीत. आणि ही रीत आजही जिवंत आहे. श्पेर्लच्या खिडकीशी किंवा ब्रॉयनरहोफच्या कोपऱ्यात एका मेलांजवर सकाळ घालविणारा मनुष्य आजही कोणाला खटकत नाही. मात्र ज्यांनी ती रीत नावारूपास आणली, त्यांच्यापैकी अनेकांना एका दिवसात त्याच दारांतून बाहेर काढण्यात आले होते. कोलशित्स्कीच्या पुतळ्याला १८८५ मध्ये जागा मिळाली. डिओडाटोच्या नावाला २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. हेरेन गल्लीत सेंट्रलसमोर आज रांग लागते. त्याच गल्लीत काही दारांवर असलेल्या हेरेनहोफचे जुने दालन मात्र उरलेले नाही. व्हिएन्नातील कॉफीगृहे पाहणाऱ्याने ही दोन्ही ठिकाणे पाहिल्याखेरीज त्यांचा इतिहास पुरा होत नाही.